लाल देऊळ आणि शनिवार तेली

लोणावळ्याहून लोकलने पुण्याला गेलो आणि कॅम्पातलं लाल देऊळ पाहून आलो. नावाला देऊळ, मनोरा चर्चसारखा, आणि आहे ज्यूंचं प्रार्थनागृह! बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी १८६३ मध्ये ते बांधायला घेतलं. पुढच्याच वर्षी ते वारले. कबर आवारातच आहे.

मला मात्र कोकणातले बेने इस्राएल जास्त जवळचे. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. आडनावं गावांवरून, रोहेकर, पेणकर, किहीमकर. घरात मराठीच. वल्हांडण सणाचा त्यांचा हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठीत छापला गेला. ‘उर्दूवाल्या सरांना मराठी कसं येतं?’ असं अजूनही कुणी विचारतं, तेव्हा मी हे पुस्तक सांगतो. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. तिकडेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं.