पहिल्या तारखेचा पगार आणि दिवाळीतला बयाणा

मुलांना पैशाचं शिक्षण कधी आणि कसं द्यायचं, यावर आज बोलू. त्यासाठी माझ्या गावाच्या इतिहासात जाऊया, भातसानगरला.

भातसा म्हणजे मुंबईला सगळ्यात जास्त पाणी देणारं धरण. त्याच्या कामासाठी शहापूर तालुक्यात पाटबंधारे खात्याची वसाहत उभी राहिली, तेच भातसानगर. माझे बाबा त्याच खात्यात. पगार ठरलेला. आई त्यातून आधी पोस्टातली आरडी भरायची आणि मला पासबुक दाखवायची. "आधी बाजूला टाक, मग खर्च कर." हा माझा पैशाचा पहिला धडा.

वर्गात जवळच्या कातकरवाडीतला एक मित्र होता. दिवाळीची सुट्टी संपली की तो गायब, उगवायचा थेट जूनमध्ये. त्याचं घर वीटभट्टीवर जायचं. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की शेठकडून बयाणा घ्यायचा, म्हणजे आगाऊ पैसे. मग भट्टीवर आठवड्याला खाण्यापुरती खर्ची, आणि बाकीचा हिशेब हंगाम संपल्यावर. वही शेठची. त्याला घरून मिळालेला धडा वेगळाच होता: "पैसा आला की आधी तांदूळ भरून घे."

मी त्याला उधळ्या समजायचो. खरं सांगतो.

आता हे आलं कुठून? कातकरी हे नाव खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडलंय. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलावरची सरकारी बंधनं घट्ट झाली आणि जंगलावर जगणाऱ्यांच्या वाट्याला मजुरी आली. ठाणे जिल्ह्यात तेव्हा 'लग्नगडी' पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं. 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली याविरुद्ध उठले. 1976 च्या कायद्याने वेठबिगारीवर देशभर बंदी आली, वेठीची जुनी कर्जंही रद्द ठरली. पण आगाऊ पैसे देऊन माणूस हंगामभर बांधून ठेवायची रीत भट्टीवर टिकून राहिली.

आणि गंमत बघा, माझे बाबाही दिवाळीआधी आगाऊ पैसे घ्यायचे! सरकारी नोकरांना सण अग्रिम मिळतो. बिनव्याजी, पगारातून दहा हप्त्यांत कापला जाणारा. म्हणजे उचल दोन्ही घरांत होती. आमच्या घरी हप्ता किती आणि तो संपणार कधी, हे पगारपत्रकावर छापलेलं असायचं. त्याच्या घरी ते फक्त शेठच्या वहीत.

म्हणून त्याच्या आईचा धडा चुकीचा नव्हता. रोकड हातात राहिली की ती कापली जाते, कुणीतरी मागतं, आजारपणात जाते. भरलेला तांदूळ निदान पावसाळ्यापर्यंत पोट धरतो. "आधी बाजूला टाक" हा सल्ला दर महिन्याला पगार येणाऱ्या घरात जन्मलाय. रीलवर तोच सगळ्यांना सरसकट वाटला जातो आणि ज्याला जमत नाही त्याला आपण बेशिस्त म्हणतो.

अजून एक. भट्टीवर मजुरी हजार विटांवर ठरते. पाचवीत असताना तो मित्र आजच्या विटांची मजुरी तोंडी सांगायचा, मी बोटं मोजत बसायचो. त्याला गणित येत होतं. त्याच्या हातात वही नव्हती, एवढंच.

तुमच्या घरचा पैशाचा पहिला धडा कोणता? आज आईबाबांना विचारा, आणि तो कुठून आला तेही विचारा. भेटू पुढच्या भागात!