विजेचा सुगावा : मानवी देहापासून टेस्टरपर्यंत

१/ बुधवार पेठेतील तपकीर गल्ली. नाव तपकिरीचे, व्यापार विजेच्या वस्तूंचा. घरच्या टेबलावर प्रयोगशाळा मांडू पाहणारे विद्यार्थी येथून सुटे भाग नेतात आणि सोबत एक स्वस्त टेस्टरही. त्याच्या मुठीतील त्या लाल ठिपक्यामागे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ वीज ओळखण्याचे एक आद्य साधन म्हणजे खुद्द मनुष्यदेह. १७४६ साली लायडन येथे मुशेनब्रूक यांना पाण्याच्या बरणीत साठलेल्या विजेचा जबर धक्का बसला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ॲबे नोले यांनी राजा पंधराव्या लुईसमोर १८० सैनिकांना हात धरून उभे केले. वीज सोडताच सारे एकदम उसळले.

३/ इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांनी तर स्वतःला बसणाऱ्या धक्क्याच्या तीव्रतेवरून निरनिराळ्या द्रावणांची वाहकता ताडून पाहिली. हे काम अप्रकाशित राहिले. मॅक्सवेल यांनी ते संपादित करून १८७९ साली प्रसिद्ध केले.

४/ देहाची यातून सुटका करणारे एक साधन म्हणजे सुवर्णपत्र विद्युतदर्शी. अब्राहम बेनेट यांनी १७८७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. समान प्रभार मिळताच सोन्याची दोन पाने एकमेकांपासून दूर सरतात. मात्र घरातल्या विजेसाठी हे नाजूक यंत्र निरुपयोगीच होते.

५/ १८९८ साली रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी हवेतून निऑन वायू वेगळा केला. निऑनच्या चिमुकल्या दिव्याला पेटण्यास साधारण ६० ते ९० व्होल्ट पुरतात आणि प्रवाह अत्यल्प लागतो. टेस्टरच्या मुठीत हाच दिवा असतो.

६/ येथे देह पुन्हा मंडलात येतो. टोक फेजला, बोट मागच्या टोपीला. दिव्यासोबत सुमारे दहा लाख ओहमचा रोधक असल्याने २३० व्होल्टवरही पाव मिलिॲम्पिअरहून कमी प्रवाह शरीरातून जातो, तो जाणवत नाही. पायात रबरी चप्पल असली तरी शरीर आणि जमीन मिळून एक धारित्र बनते, म्हणून दिवा मंद का होईना लागतो.

७/ स्पर्शाविना चालणारा डिटेक्टर याच धारित्राचा उपयोग करतो. तारेतील प्रत्यावर्ती दाबामुळे टोकाच्या धातूत अतिसूक्ष्म प्रवाह उमटतो. ट्रान्झिस्टर तो वाढवतात आणि एलईडी लागतो.

८/ मात्र दोन्ही साधने फक्त 'वीज आहे' एवढेच सांगू शकतात. 'वीज नाही' याची हमी ती देत नाहीत. प्लग काढल्यावरही एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश दाब काही काळ टिकू शकतो. जमिनीशी संबंध तुटल्याने निऑन विझलेला राहतो, बिनस्पर्शाचा डिटेक्टरही गप्प बसतो. हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते ते येथेच.

९/ म्हणून प्रथम चालू सॉकेटवर टेस्टरची परीक्षा, मग तपासणी, मग पुन्हा चालू सॉकेटवर परीक्षा. कपॅसिटरसाठी मात्र त्याच्या दोन टोकांमध्ये मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावून पाहावा. कॅव्हेंडिश यांना वाहकता ताडण्यासाठी देहाखेरीज प्रवाहाचे दुसरे मापक नव्हते. आज ते स्वस्तात मिळते, तेव्हा देहाला पुन्हा त्या कामाला जुंपण्याचे कारण नाही.