पुण्याचा 'परम' आणि पापडाच्या लाट्या

खलिफा सिटीशेजारच्या मसदार सिटीत २०१९ साली स्थापन झालेलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं विद्यापीठ आहे. ते पाहून मुलांनी "आई, यात आपलं काय?" असं विचारलं, तर त्यांना पुण्याची गोष्ट सांगा.

१९८०च्या दशकात भारताला अमेरिकेचा प्रगत 'क्रे' महासंगणक हवा होता. तो मिळाला नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' उभी राहिली. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर. मुदत तीन वर्षांची.

एकच बलाढ्य यंत्र नाही, तर लहान लहान प्रोसेसर जोडू, असं ठरलं. वाळवणाच्या दिवसांत शेजारणी पापडाच्या लाट्या वाटून घेतात ना, तसंच! १९९१ मध्ये ६४ प्रोसेसरांचा 'परम ८०००' तयार झाला. आजची एआय मॉडेल्सही हजारो चिप्समध्ये काम वाटूनच शिकतात.

आता घरीच करून पाहा. १ ते १०० ची बेरीज चौघांत वाटा, प्रत्येकी २५ आकडे. उत्तर ५०५० यायला हवं. तिघांचं झालं तरी चौथ्यासाठी थांबावं लागेल. ही वाट कशी कमी करायची? संगणकशास्त्र आजही या प्रश्नाशी झुंजतंय. मुलांना तोच विचारा.