आमादिसचा मृत्यु आणि त्याचे वाचक

एकादी अद्भुत कथा पांचसहा भागांपर्यंत वाढली म्हणजे तिच्या वाचकांत एक ठराविक कुरबूर सुरू होते. पहिले भाग काय होते, आणि आतां हें काय चाललें आहे! कर्ता थकला, पैशासाठीं लिहूं लागला, पात्रांची गर्दी झाली, नायक कोठें हरवला, असे नाना आक्षेप निघतात; आणि आक्षेप घेणारे तेच लोक पुढचा भाग कधीं निघतो म्हणून पुस्तकांच्या दुकानीं खेटे घालीत असतात. हल्लींच्या इंग्रजी कथामालांमुळें हा प्रकार आपल्याकडील तरुणांच्याहि परिचयाचा झाला आहे. परंतु तो आजचा नव्हे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, छापण्याची कला यूरोपांत नुकती रुळत होती त्या काळीं, स्पेन देशांत हें सर्व नाट्य एकदां साद्यंत होऊन गेलें आहे. अशी निराशा कर्त्याच्या दोषानें होते कीं वाचकाच्या हट्टानें, या प्रश्नावर त्या हकीकतीनें बराच प्रकाश पडतो, म्हणून ती येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१५०८ सालीं सारागोसा येथें 'आमादिस दे गाउला' हा चार खंडांचा ग्रंथ छापून निघाला. त्याहून जुनी छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथावर नांव आहे तें मेदिना देल काम्पो या शहराच्या कारभारी मंडळांतील गार्सी रोद्रीगेस दे मोन्ताल्वो या गृहस्थाचें. परंतु मूळ कथा त्याची नव्हे. ती चौदाव्या शतकापासून लोकांत प्रसिद्ध होती. त्या शतकांतील लोपेस दे आयाला या मुत्सद्दी कवीनें, आमादिससारख्या खोट्या गोष्टी ऐकण्यांत आपण वेळ दवडला, असा पश्चात्ताप आपल्या काव्यांत व्यक्त केला आहे. मोन्ताल्वोनें जुन्या तीन खंडांवर संस्कार केले, चौथा सिद्ध केला, आणि पुढें पांचवा स्वतः रचून जोडला. सगळें पुढचें रामायण या पांचव्यापासून सुरू होतें.

कथेचा गाभा आपल्याला परका वाटणार नाहीं. गुप्त विवाहांतून जन्मलेल्या आमादिसला त्याच्या आईनें पेटींत घालून पाण्यांत सोडलें. कर्णाची आठवण कोणास होणार नाहीं? एका परक्या सरदाराच्या घरीं तो वाढतो, ब्रिटनच्या राजकन्येवर, ओरियानेवर, त्याचें मन जडतें, आणि तिच्या एका रागाच्या पत्रासरशीं हा महावीर शस्त्रें टाकून एका ओसाड खडकावर जोग्यासारखा रडत बसतो. दुष्ट मांत्रिक, साहाय्य करणारी उर्गांदा नांवाची जादूगारीण, एन्द्रियागो नांवाचा भयंकर राक्षस, आणि एकनिष्ठ प्रेमिकांसच ज्याखालून जातां येतें अशी एक मंतरलेली कमान, असा सगळा थाट त्यांत आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणलेल्या अरबी गोष्टी ज्यांनीं लहानपणीं दिवा मालवेपर्यंत वाचल्या असतील, त्यांना या पुस्तकाच्या मोहिनीचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं.

ती मोहिनी केवढी होती हें पाहावयाचें तर १५१९ सालीं मेक्सिको शहर प्रथम पाहणाऱ्या स्पॅनिश शिपायांकडे वळावें. त्यांतील बेर्नाल दीआस यानें पुढें लिहून ठेविलें आहे कीं, पाण्यांतून वर आलेले ते मनोरे पाहून आम्हांला आमादिसच्या ग्रंथांतील मायेचीच आठवण झाली. १५२२ सालीं लोयोलाच्या इग्नातियसानें मोन्सेरात येथील देवळांत रात्रभर जागून आपलीं शस्त्रें अर्पण केलीं, तेव्हांहि आमादिसच्या गोष्टींनीं आपलें डोकें भरलेलें होतें असें तो स्वतःच सांगतो. याच इग्नातियसाचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास उतरला. सोळाव्या शतकांत मूळ चार खंडांच्या स्पॅनिश भाषेंत सुमारे वीस आवृत्त्या निघाल्या; छापखान्याच्या त्या बाल्यावस्थेंत ही संख्या लहान नव्हे.

आतां मूळ कथेच्या शेवटाविषयीं. पांचव्या खंडांत आमादिसचा मुलगा एस्प्लांदियान हा आपल्या बापाशीं नकळत लढतो व त्याला जिंकतो. एवढें सांगून मोन्ताल्वो मध्येंच थांबतो आणि म्हणतो कीं, या युद्धांत आमादिस मेला असें कांहीं लोक सांगतात, पण तें खरें नव्हे. मेली ती बापाची कीर्ति, कारण मुलाच्या कीर्तीनें ती झांकून गेली. कोणी विचारलें नसतां मनुष्य असा खुलासा करूं लागला म्हणजे संशय येतो. मारीया रोसा लीदा दे माल्कीएल या विदुषीनें १९५३ सालीं असें मांडलें कीं, जुन्या कथेंत आमादिस मुलाच्या हातून खरोखरच मरत होता, आणि तें वर्तमान कानीं येतांच ओरियाना खिडकींतून उडी टाकून प्राण देत होती. चारच वर्षांनीं, १९५७ सालीं, पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या एका हस्तलिखिताचे तुकडे प्रसिद्ध झाले. त्यांत एस्प्लांदियानचें नांव आढळलें. म्हणजे मुलगा जुन्या कथेंतहि होता, मोन्ताल्वोनें तो नव्यानें निर्माण केला नव्हता. तुकड्यांत शेवट नाहीं, तेव्हां पुरावा पूर्ण झाला असें म्हणतां येत नाहीं. तथापि मोन्ताल्वोची ती अडखळती सफाई आणि हा अंदाज इतके नीट जुळतात कीं, आम्ही तरी तो मान्य करतों.

बापलेकांचें असें युद्ध आमच्या महाभारतांतहि आहे. बभ्रुवाहनाच्या बाणानें अर्जुन पडतो, आणि उलूपी मणि आणून त्याला उठविते. परंतु व्यासांनीं अर्जुनाला उठविलें तें कायमचें नव्हे. पुढें मौसलपर्व आहे, महाप्रस्थानिक आहे. गांडीव हातांत असून आभीर स्त्रियांना लुटून नेतात आणि अर्जुनाच्यानें कांहीं होत नाहीं. मोन्ताल्वोनें मात्र मृत्यु काढला तो काढलाच, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं ठेविलें नाहीं. ज्या कथेचें तोंड शेवटाकडे होतें तिचा शेवट उचलून घेतल्यावर ती कोठें जाणार? आमच्या मतें पुढील सर्व भागांवरील निराशेचें बीज येथें आहे.

मोन्ताल्वोचा हेतु वाईट नव्हता. १४५३ सालीं कॉन्स्टांटिनोपल तुर्कांनीं घेतलें होतें, १४९२ सालीं ग्रानादा स्पेनच्या राजाराणीनें घेतलें होतें. अशा दिवसांत एकाद्या स्त्रीच्या शब्दाखातर वीरांनीं एकमेकांचीं डोकीं फोडावीं हें त्याला उधळपट्टीचें वाटे. त्याचा एस्प्लांदियान फक्त विधर्मीयांशीं लढतो, कॉन्स्टांटिनोपल वांचवितो, तेथील राजकन्या वरून बादशहा होतो, आणि वेळोवेळीं उपदेश ऐकवितो. ज्याच्यासाठीं वाचक आला तो आमादिस घरांत बसलेल्या वडिलांप्रमाणें मागें मागें सरतो. या खंडांत ताजें असें काय तें कालाफिया नांवाची काळी राणी, तिच्या स्त्रियांचें सैन्य आणि सोन्याचें बेट. त्या बेटाचें कल्पित नांव कॅलिफोर्निया पुढें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलें. आणखी एक प्रसंग मौजेचा आहे. कथा चालतां चालतां उर्गांदा स्वतः ग्रंथकाराला गांठते, तुझ्या अंगीं हें काम झेपण्याची योग्यता नाहीं म्हणून त्याला झाडते, आणि लेखणी खालीं ठेवावयास सांगते. पुढें ती परवानगी देते म्हणून ग्रंथ पुरा होतो. वाचकांची सगळी टीका मोन्ताल्वोनें त्यांच्या आधींच लिहून ठेविली होती!

शेवटीं त्यालाहि कथा संपवितां आली नाहीं. उर्गांदेनें आमादिस, ओरियाना व इतर सर्वांना मंत्रानें निजवून टाकलें, पुढें कधींतरी जागे होण्यासाठीं. ही फट दिसतांच इतर लेखक धांवले. १५१० सालीं, म्हणजे आल्बुकेर्कनें गोवें जिंकलें त्याच वर्षीं, रुइ पाएस दे रिबेरा यानें 'फ्लोरिसांदो' हा सहावा ग्रंथ सालामान्का येथें काढला. त्यांत आमादिसचा पुतण्या नायक आहे, आणि जादूचा निषेध पानोपानीं आहे. जादूच्या कथेंतून जादू काढून तेथें प्रवचन घातलें तर काय उरतें याची कल्पना वाचकांनींच करावी. हा ग्रंथ लोकांना रुचला नाहीं. १५१४ सालीं फेलिसियानो दे सिल्वा या सिउदाद रोद्रिगोच्या तरुण लेखकानें 'लिस्वार्ते' हा सातवा ग्रंथ लिहिला, तेव्हां त्यानें सहावा जणूं निघालाच नाहीं असें धरून कथा पांचव्यापासून पुढें नेली, आणि निजलेल्या मंडळींस जागें केलें. वाचकांनीं हें आनंदानें चालवून घेतलें.

यानंतर १५२६ सालीं जें घडलें तें आम्हांला सर्वांत विचार करण्यासारखें वाटतें. ह्वान दीआस नांवाच्या धर्मशास्त्र शिकलेल्या एका पदवीधरानें सेविल येथें आठवा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें सिल्वाचा सातवा बाजूस सारून सहाव्याचा धागा पुढें नेला. आणि त्यांत आमादिस मेला. युद्धांत नव्हे, मुलाच्या हातून नव्हे. म्हातारा होऊन, मनुष्यें मरतात तसा मेला. त्याची उत्तरक्रिया झाली, शोक झाला, ओरियाना मठांत गेली. अठरा वर्षें ज्याच्या पराक्रमाच्या गोष्टी छापून येत होत्या त्याला अखेर कोणीतरी मरूं दिलें. दीआस मोठा कलावंत नव्हता. उपदेशाचा भार त्याच्याहि ग्रंथावर आहे. तरीपण मोन्ताल्वोनें चोरून नेलेला शेवट परत आणण्याचें धाडस या एका माणसानें केलें. वाचकांनीं त्याला काय फळ दिलें? त्या ग्रंथाची पुन्हां एकहि आवृत्ति निघाली नाहीं. शेजारीं सिल्वाच्या सातव्याच्या सुमारें दहा निघाल्या.

१५३० सालीं सिल्वाचा पुढचा ग्रंथ, 'आमादिस दे ग्रेसिया', बाहेर पडला. वास्तविक तो त्याच्या दृष्टीनें आठवा. पण आठवा हा आंकडा दीआसनें आधींच अडविल्यामुळें त्याला नववा म्हणणें भाग पडलें. याची चीड ग्रंथारंभींच्या सूचनेंत स्पष्ट उमटली आहे: तो दुसरा आठवा जन्मण्याआधींच कर्त्याच्या हातांत मेला असता तर बरें झालें असतें, असा तिचा आशय. आणि आंत? पणतूच्या पराक्रमांच्या धांदलींत पणजोबा आमादिस जिवंत, तलवार घेऊन हजर! यापुढें पणतूचा मुलगा, त्याचा मुलगा, असें हें कुळ वाढत गेलें. १५३२, १५३५ आणि १५५१ सालीं सिल्वाचे आणखी भाग निघाले; मध्यें १५४६ सालीं दुसऱ्या कोणीं 'सिल्वेस दे ला सेल्वा' हा बारावा घुसविला. प्रेमपत्रांतील भाषा अशी गुंतत गेली कीं वाचणाऱ्यानें वाक्याचा कर्ता शोधीत बसावें. त्यांतच दारिनेल नांवाचा एक मेंढपाळ आपलीं गाणीं घेऊन शिरला.

सुज्ञ वाचक कंटाळले होते याचा लेखी पुरावा आहे. ह्वान दे वाल्देस यानें १५३५ च्या सुमारास नेपल्समध्यें भाषेवरील आपला संवाद लिहिला. असल्या खोट्या गोष्टी वाचण्यांत तारुण्याचीं दहा वर्षें घालविल्याची कबुली देणारा हा पंडित आमादिसचे दोष दाखवूनहि त्याला वाचनीय ठरवितो. पण एस्प्लांदियान, फ्लोरिसांदो, लिस्वार्ते यांचीं नांवें घेऊन म्हणतो कीं, हे नुसते खोटे नाहींत, इतके बेढब आहेत कीं कोणत्याहि पोटाला पचूं नयेत. त्यानें ते वाचले होते, हें मात्र विसरूं नये. फ्रान्समध्यें १५४० पासून देझेसार यानें या मालेचें भाषांतर काढलें, तेव्हां त्यानें सहावा व दीआसचा आठवा सरळ गाळले. स्पॅनिश वाचकाचा राग सीमा ओलांडून गेला आणि फ्रेंच वाचकाला आमादिसच्या मृत्यूची वार्ताच लागली नाहीं. इकडे सरकारचें म्हणणें वेगळें होतें: १५३१ सालीं आमादिससारखीं पुस्तकें अमेरिकेंत पाठवूं नयेत असा हुकूम सुटला, १५५५ सालीं वालादोलिद येथील प्रतिनिधिसभेनें तीं जाळून टाकण्याची मागणी केली. या बंदीनें त्यांचा खप थांबल्याचें दिसत नाहीं.

'डॉन क्विक्झोट'च्या १६०५ सालच्या पहिल्या भागांतील सहावें प्रकरण विद्यार्थी अनोळखी नांवांची यादी समजून उलटून टाकतात, असा आमचा अनुभव आहे. वस्तुतः तें या शंभर वर्षांच्या वाचनावरचें निकालपत्र आहे. पाद्री व न्हावी वेड्या सरदाराचीं पुस्तकें तपासतात. पहिला आमादिस आपल्या जातींतील उत्तम म्हणून वांचतो. पाठोपाठ एस्प्लांदियान येतो, तेव्हां बापाचें पुण्य मुलाला लागू नाहीं म्हणून तो खिडकींतून अंगणांत जातो, आणि त्याच्यामागून त्या कुळांतील बाकीचे. दारिनेलचें नांव निघतांच तर पाद्रीबुवा इतके तापतात कीं, जन्मदात्याचीहि गय करणार नाहीं म्हणतात. परंतु ज्याचीं तीं पुस्तकें, त्या वाचकाचें काय? त्याला सिल्वाच सर्वांत अधिक आवडे. दुसऱ्या एका वीरकथेचा कर्ता शेवट न करतां पुढील भागाचें आश्वासन देऊन थांबला, म्हणून लेखणी घेऊन ती आपणच पुरी करावी असें त्याच्या मनांत अनेकदां आलें होतें. तें न करतां तो घोड्यावर बसला.

पुढें सर्व्हांटिसवर हाच प्रसंग आला. १६१४ सालीं आव्हेयानेदा असें खोटें नांव घेऊन कोणीं त्याच्या कथेचा दुसरा भाग परभारें छापला. दुसऱ्या वर्षीं सर्व्हांटिसनें स्वतःचा दुसरा भाग काढला, आणि त्यांत डॉन क्विक्झोटला गांवच्या घरीं, बिछान्यावर, शुद्धीवर आणून मारलें. प्राण जातांच पाद्री तेथें असलेल्या लेखनिकाला म्हणतो कीं, हा मनुष्य सर्वांच्या देखत स्वाभाविक मरणानें मेला असा दाखला लिहून दे; नाहीं तर कोणीतरी त्याला पुन्हां उठवून त्याच्या पराक्रमांचे न संपणारे भाग लिहीत बसेल.