पेढीवरची उमेदवारी

चांदवडच्या टांकसाळीतला रुपया नाशिकच्या सराफाकडे आला की तो आधी दगडावर वाजवला जाई, मग तोलला जाई आणि शंका आली तर कसोटीवर घासलाही जाई. अठराव्या शतकात हे रोजचे काम होते. चांदवडची टांकसाळ होळकरांच्या अमलातली. खुद्द नाशिकमध्येही नाणी पडत आणि त्यांवर शहराचे मोगली नाव, गुलशनाबाद, असे. शिवाय पुण्याकडून येणारे, गुजरातेतून येणारे, निजामाच्या मुलखातले असे कितीतरी रुपये गोदाकाठच्या बाजारात एकाच वेळी फिरत. प्रत्येकाचे वजन वेगळे, चांदीचा कस वेगळा आणि म्हणून बट्टाही वेगळा. १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आणला, तोवर हा घोळ चालूच होता. त्या काळची नाणी आज पाहायची तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला जावे. नाणकशास्त्राच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था तिथे आहे आणि १९८० मध्ये झालेल्या तिच्या स्थापनेत परमेश्वरीलाल गुप्तांसारख्या मोठ्या अभ्यासकाचा वाटा होता.

रुपयाची ही पारख कोणत्याही पुस्तकात नव्हती. पेढीवर गादीच्या कडेला बसलेला पोरगा ती ऐकून ऐकून शिके.

आज नाशिकच्या कॉलेजातले विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत बँकेत इंटर्नशिप करतात, तेव्हा ती परदेशातून आलेली नवी पद्धत वाटते. नाव नवे आहे. पण पैशाचा व्यवहार जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शिकायचा, ही या गावाची जुनी रीत आहे. त्या रीतीचा इतिहास पाहताना दर पिढीत एक प्रश्न समोर येतो: शेजारी बसायला जागा कोणाला मिळाली?

पेढीवरचा मुलगा यायचा तो काही शिदोरी घेऊनच. गावच्या शाळेत पंतोजींनी त्याच्याकडून पाढे घोकून घेतलेले असत, आणि नुसते तिसापर्यंतचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि थेट साडेतीनची औटकी. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा आणि तीन पैंचा पैसा असताना तोंडी हिशेब करणाऱ्याला अपूर्णांकांचे पाढे लागतच. त्याला मोडी लिहिता येई. एवढे येत असूनही पहिले काही महिने त्याच्या वाट्याला झाडलोट, शाई घोटणे, बोरू तासून देणे आणि कुळांकडे तगाद्याचा निरोप पोचवणे हेच असे. मग जुन्या कारकुनाच्या देखरेखीखाली रोजकीर्द उतरवून काढायची. दिवसभराची जमा आणि नावे कीर्दीत, तिथून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत. संध्याकाळी शिल्लक जुळली नाही, तर जुळेपर्यंत कोणी उठायचे नाही.

हुंडी सगळ्यात शेवटी. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यायचे, मुदती हुंडीचे दिवस भरू द्यायचे. वाटेत हुंडी गहाळ झाली तर तिच्या बदली ‘पेठ’ लिहून द्यायची, तीही हरवली तर ‘परपेठ’. नाशिक-त्र्यंबकासारख्या तीर्थक्षेत्री या विद्येला विशेष महत्त्व होते. लांबच्या मुलखातल्या यात्रेकरूने रोकड अंगावर वागवण्यापेक्षा हुंडी आणणे केव्हाही सुरक्षित. सिंहस्थात तर देशभरची माणसे इथे येत. हस्ताक्षर ओळखणे, लिहिण्याची धाटणी ओळखणे, समोरचा माणूस खरा की तोतया हे दोन प्रश्नांत ताडणे, हे सारे ज्याला जमे तोच पुढे मुनीम होई.

ही शाळा कसून शिकवणारी होती, यात वाद नाही. तिचा दरवाजा मात्र अरुंद होता. नाशिक जिल्ह्यातली सावकारी मुख्यतः मारवाडी, गुजराती आणि ब्राह्मण घराण्यांच्या हातात होती. पेढीवर घेतला जाई तो पुतण्या, भाचा, जातभाई किंवा ओळखीच्या घरातला मुलगा. सावकाराच्या बाजूने पाहिले तर यात तर्क होता. तिजोरीची किल्ली ज्याच्या समोर पडलेली असते, त्याचे घरदार माहीत असलेले बरे. पण ज्या कुणब्याच्या, कोळ्याच्या नावावर त्या खतावणीत व्याज चढत होते, त्याच्या मुलाला ती खतावणी वाचायला कोणी शिकवले नाही. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली, त्यामागे कर्जाचा जाच होताच, आणि आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदावर आपले शेत लिहून गेले आहे ही आगही होती.

इंग्रजी अमलात मामलेदार कचेऱ्या आल्या आणि सरकारी उमेदवारी सुरू झाली. जागा रिकामी होण्याची वाट पाहत तरुण मुलगा कचेरीत बिनपगारी नकला करीत बसे. कधी महिने, कधी वर्षे. घरची शेती किंवा मिळवता भाऊ असेल त्यालाच हे परवडे. गरिबाचा हुशार मुलगा इथेही मागे राहिला. या वेळी जातीबरोबर पोटाचा प्रश्नही आडवा आला.

बँकांनी हे चित्र लगेच बदलले नाही. बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये निघाली, कापसाच्या सट्ट्यानंतर १८६८ मध्ये बुडाली आणि नव्याने उभी राहिली. १९२१ मध्ये तिच्यासह तीन इलाखा बँकांची मिळून इम्पीरियल बँक झाली. वरच्या खुर्च्यांवर युरोपीय साहेब होते. रोकडीचे खाते खजिनदाराकडे असे. तो बँकेला जामीन देई आणि हाताखालची माणसे आपल्या भरवशाची नेमी. म्हणजे इमारत विलायती, पण रोखपालाच्या खिडकीमागे पोचण्याची वाट जुन्या पेढीचीच.

१९२८ हे वर्ष या इतिहासात थांबून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी नाशिकरोडला नोटांची छपाई सुरू झाली. तोवर हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. १९३२ पर्यंत देशातल्या सगळ्या किमतींच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. ज्या गावाने परक्या टांकसाळींचे रुपये पारखण्यात पिढ्या घालवल्या, त्या गावातून आता साऱ्या देशाचा पैसा निघू लागला. त्याच वर्षी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स स्थापन झाली. बँकिंगचे ज्ञान लेखी परीक्षेने तपासता येईल, परीक्षा देणाऱ्याचे आडनाव काहीही असो, हा विचार तिच्यामुळे रुजला. सीएआयआयबी ही तिची पदवी पुढे बँकवाल्यांच्या बढतीशी आणि वेतनवाढीशी जोडली गेली. मला या दोन घटनांतली दुसरी अधिक मोठी वाटते.

मराठी माणसाने स्वतःची बँक काढली तीही एका प्राध्यापकाच्या पुढाकाराने. अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे आणि उद्योजक धो. कृ. साठे यांनी १९३५ मध्ये पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी केली. पुढे हीच बँक नाशिक जिल्ह्याची अग्रणी बँक झाली.

नाशिकला कॉलेज आले १९२४ मध्ये, गोखले एज्युकेशन सोसायटीचे, आज एचपीटी म्हणून ओळखले जाणारे. वाणिज्य शिकण्यासाठी मात्र १९५७ उजाडावे लागले. त्या वर्षी बीवायके कॉलेज सुरू झाले. त्याच्या नावातले भिकुसा यमासा क्षत्रिय हे सिन्नरच्या विडी उद्योगातले नाव. त्याच वर्षी १ एप्रिलला देशात दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि आण्या-पैंच्या हिशेबाबरोबर औटकीचीही गरज संपली. पंतोजींची तोंडी विद्या मागे पडली आणि वर्गातली लेखी विद्या हाताशी आली, ती अशी एकाच वर्षात. दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, व्यापाऱ्यांनी नाशिक मर्चंट्स सहकारी बँक काढली. ‘नामको’ हे तिचे नाव आजही घरोघरी आहे.

खरा दरवाजा उघडला तो १९ जुलै १९६९ नंतर. चौदा मोठ्या बँका सरकारी झाल्या, शाखा तालुक्यांत पोचल्या, भरती परीक्षेने होऊ लागली आणि आरक्षण लागू झाले. ज्या घरांनी बँकेचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता, त्या घरांतली मुले आणि मुली काउंटरच्या आतल्या बाजूला बसल्या. वशिला, जामीन, जातभाईपणा यांपैकी काहीच न लागता. नाशिकच्या रस्त्यांवर बँक परीक्षांच्या क्लासच्या पाट्या दिसतात, त्यांमागे ही अर्ध्या शतकाची आशा आहे.

आता इंटर्नशिपच्या रूपाने शेजारी बसून शिकणे परत आले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळतात, त्यामुळे एम.कॉम.चा विद्यार्थीही बँकेची पायरी चढतो. त्याला संगणकावर व्यवहार करण्याचा अधिकार नसतो आणि ते योग्यच आहे, कारण खातेदाराची माहिती गोपनीय असते. तो केवायसीची कागदपत्रे तपासायला शिकतो, खाते उघडण्याचे अर्ज लावतो, अधिकाऱ्याशेजारी बसून कर्जाची फाइल वाचतो. एप्रिल-मे म्हणजे खरिपाच्या पीककर्जाचे दिवस. निफाडचा द्राक्षबागायतदार किंवा येवल्याचा कांदा उत्पादक सातबारा आणि आठ-अ घेऊन समोर येतो. उताऱ्यावर चार भावांची नावे आहेत, आधीचा बोजा उतरलेला नाही, हप्ता पावसाने बुडाला आहे. अशा वेळी अधिकारी काय विचारतो, कुठे थांबतो, कशावरून विश्वास ठेवतो, हे कुठल्याच प्रश्नपत्रिकेत सापडत नाही. पेढीवरचा मुलगा जे शिकत होता त्याच जातीचे हे ज्ञान आहे.

म्हणूनच जागा कोणाला मिळते हा प्रश्न पुन्हा विचारायला हवा. रिझर्व्ह बँक उन्हाळ्यासाठी देशभरातून जास्तीत जास्त १२५ विद्यार्थी निवडते. अर्ज जाहीरपणे मागवते आणि विद्यावेतनही देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत २१ ते २४ वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम आणि महिना ५,००० रुपये ठरले. आठ लाखांवर उत्पन्न असलेली घरे त्यातून वगळली. ही दिशा बरोबर आहे. पण शहरातली बरीचशी इंटर्नशिप आजही ओळखीच्या फोनवर आणि बिनपैशाची ठरते. कॉलेज रोडवर राहणाऱ्या मुलाला ती झेपते. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या मुलीला दोन महिने नाशिकला खोली, खाणावळ आणि एसटीचे भाडे स्वतःच्या खिशातून द्यावे लागते, आणि सुट्टीत घरी मिळणारी मजुरीही बुडते. मामलेदार कचेरीतल्या उमेदवाराची अडचण हीच होती.

नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी बँकेची शाखा आहे. कळवणची मुलगी कळवणच्या शाखेत, दिंडोरीचा मुलगा दिंडोरीत, जाहीर अर्जातून निवडून आणि जेवणाखाण्यापुरते तरी विद्यावेतन देऊन बसवणे बँकांना जड नाही. पीककर्जाच्या फायली तिथेच येतात, आणि त्या शेतकऱ्याची बोलीही तिथलीच मुले नीट समजतात.