वालोनीच्या कोळसाखाणी व त्यांचें स्मरण

ज्युबिलीच्या वर्षीं देऊळ कोणीं उभारिलें, घंटा कोणत्या सालीं आली, याची नोंद आपण आनंदानें करितों. परंतु ज्या हातांनीं दगड वाहिले त्यांचीं नांवें बहुधा कोठेंच लिहिलेलीं नसतात. यास्तव या पुस्तिकेंत आम्ही एका दूरच्या प्रांताचा इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहों. कष्टकऱ्यांचें स्मरण कसें जतन करावें, हें तो प्रांत मोठ्या दुःखांतून शिकला.

बेल्जम देशाच्या दक्षिणेस वालोनी प्रांत आहे. त्यांत बोरिनाजपासून शार्लरुआवरून लिएजपर्यंत दगडी कोळशाचा पट्टा पसरला आहे. इंग्लंडच्या मागोमाग युरोप खंडांत यंत्रयुग प्रथम अवतरलें तें येथेंच, व तें या कोळशाच्या बळावर. त्या वैभवाचें मोल मात्र खाणकामगारांनीं दिलें. १७ एप्रिल १८७९ रोजीं फ्रामरी येथील लाग्राप खाणींत ज्वालाग्राही वायूचा भडका होऊन १२१ जीव गेले. जे अशा अपघातांतून वांचत, त्यांपैकीं अनेकांच्या फुप्फुसांत खडकाची धूळ सांचे व श्वास कोंडून ते अकालीं मरत. धंद्यापासून जडणारा रोग म्हणून या व्याधीस तेथें मान्यता मिळाली ती १९६४ सालीं! मनुष्यास केवळ नफ्याचें साधन लेखणें लज्जास्पद आहे, असें पोप लिओ तेरावे यांनीं १८९१ सालींच आपल्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकांत बजाविलें होतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जन लोक खाणींत उतरण्यास नाखूष झाले. इकडे इटलींत बेकारी, तिकडे कोळशास मागणी. म्हणून २३ जून १९४६ रोजीं रोम येथें उभय सरकारांनीं करार केला: इटलीनें ५०,००० मजूर पाठवावे व बेल्जमनें तिला कोळसा विकावा. मिलान येथून भरलेल्या आगगाड्या उत्तरेस निघाल्या. पोंचल्यावर पुष्कळांना राहावयास मिळाल्या त्या पूर्वीं युद्धकैद्यांसाठीं उभारलेल्या पत्र्याच्या वा लांकडी झोंपड्या.

शार्लरुआजवळ मार्सिनेल येथें ब्वा द्यु काझिए नांवाची खाण होती. ८ ऑगस्ट १९५६ रोजीं सकाळीं आठ वाजून गेल्यावर, ९७५ मीटर खोलीवर, कोळशाची एक गाडी पाळण्यांत नीट न बसतां अर्धवट बाहेर राहिली. इशाऱ्यांचा घोंटाळा होऊन पाळणा वर निघाला. त्या गाडीच्या धक्क्यानें तेलाची नळी व विजेच्या तारा तुटल्या. तेलानें पेट घेतला, आणि फुटलेल्या नळींतील दाबाच्या हवेनें आग भडकली. धूर सर्व भुयारांत शिरला. फाटकाच्या लोखंडी गजांना धरून बायकामुलें रात्रंदिवस उभीं राहिलीं. २३ ऑगस्टच्या पहाटे शोधपथक तळापासून वर आलें, तें खालीं कोणीहि जिवंत नाहीं हें सांगण्यासाठीं. बारा राष्ट्रांचे २६२ पुरुष मृत्युमुखीं पडले होते. त्यांत १३६ इटालियन व ९५ बेल्जन होते. आब्रुझ्झो प्रांतांतील मानोप्पेलो या एकट्या गांवाचे वीसांहून अधिक होते. बचावलेल्यांची संख्या तेरांच्या वर नव्हती. खटल्याच्या अखेरीस, १९६१ सालीं, एका अधिकाऱ्यास काय ती सहा महिन्यांची तहकूब शिक्षा झाली.

तथापि तें मरण अगदींच व्यर्थ गेलें नाहीं. खाणींच्या सुरक्षिततेसाठीं १९५७ सालीं युरोपीय राष्ट्रांचें संयुक्त मंडळ स्थापन झालें. इटलीनें त्या खाणींकडे मजूर धाडणें थांबविलें.

१९६७ सालीं ही खाण कायमची बंद झाली. पुढें तेथें बाजारपेठ उभारण्याचा बेत निघाला. तेव्हां जुने खाणकामगार व मृतांचे आप्त पुढें सरसावले, आणि १९९० सालीं त्या जागेस कायद्याचें संरक्षण मिळालें. २००२ सालीं तेथें संग्रहालय उघडलें, व २०१२ सालीं युनेस्कोनें वालोनींतील इतर तीन खाणींसह तिची जागतिक वारशांत गणना केली. प्रतिवर्षीं ८ ऑगस्टच्या सकाळीं तेथें घंटा वाजते व मृतांचें स्मरण होतें. त्या घंटेचें नांव 'मारिया, अनाथांची माता' असें आहे.

वाचकहो, उंच चाकें, विटांच्या इमारती व खाणींतील टाकाऊ खडकाच्या टेकड्या यांस वारसा म्हणणें सोपें आहे. परंतु त्या म्हाताऱ्यांनीं जतन केलीं तीं माणसें. लोखंड त्यांच्या निमित्तानें राहिलें. आपल्याहि धर्मग्रामांतून पोटासाठीं दूरदेशीं, जहाजांवर, गिरण्यांत कित्येकजण गेले. त्यांच्या मनीऑर्डरींवर घरें चाललीं व देवळाची वर्गणीहि भरली. ते सर्वच परत आले नाहींत. जे वृद्ध त्यांना ओळखत होते, ते अद्याप आपल्यांत आहेत. या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें त्यांच्याकडून तीं नांवें विचारून लिहून घ्यावीं व धर्मग्रामाच्या दप्तरांत द्यावीं, अशी आमची विनंती आहे. मृतांच्या दिनीं तीं वेदीपुढें वाचलीं जातील.