वाट बांधणारा सौदागर

पिंपळे सौदागर हे आमच्या गावाचे नाव. पवनेच्या परिसरात पिंपळे गुरव व पिंपळे निलख ही दोन भावंडे शेजारी, आणि हे तिसरे ‘सौदागर’. सौदागर म्हणजे व्यापारी. आज येथे शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत आणि सकाळी जगताप डेअरीच्या चौकात पिंपरीकडे, हिंजवडीकडे, चाकणकडे कामास निघालेल्या माणसांची रीघ लागते. बस वेळेवर आली नाही, तर आपण चालकाला, वाहकाला आणि सरकारला बोल लावतो. ती वेळेवर आली, तर मात्र कोणाचेच स्मरण करीत नाही. वाट वापरणाऱ्याला वाट बांधणारा आठवत नाही, हा जगाचा रिवाजच आहे. हा रिवाज क्षणभर बाजूला ठेवून महाराष्ट्राच्या मातीतल्या एका सौदागराची ओळख आम्ही वाचकांस करून देऊ इच्छितो. शेठ वालचंद हिराचंद हे त्यांचे नाव. मुंबई-पुणे रस्त्यावर चिंचवडला ज्या प्रीमियर कंपनीचा कारखाना होता, त्या कंपनीचे संस्थापक ते हेच.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका गुजराती जैन व्यापारी घराण्यात झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. परंतु पदवी न घेताच ते घरच्या धंद्यात परतले. कापूस आणि सावकारी हा पिढीजात व्यवहार त्यांना मानवला नाही. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतील एक माजी कारकून कंत्राटदारीत उतरले होते. त्यांच्याशी भागीदारी करून वालचंदांनी बार्शी लाईट रेल्वेच्या विस्ताराचे काम घेतले. माती उपसणे, भराव घालणे, रूळ टाकणे, हीच त्यांची खरी पाठशाळा. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदण्याचे कामही पुढे त्यांच्या कंपनीने केले. पुण्याहून आगगाडीने मुंबईस जाताना खंडाळ्याखालच्या अंधारातून आपण जातो, तेव्हा या माणसाचे ऋण आपल्या माथ्यावर असते.

परंतु वालचंदांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी लागली ती समुद्रावर. पहिले महायुद्ध संपले तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विक्रीस निघाले. १८९० साली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने पाण्यात उतरलेले हे जहाज युद्धकाळात रुग्णनौका म्हणून वापरले गेले होते. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांनी ते विकत घेतले आणि ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ते जुने जहाज स्वतः मात्र फार काळ टिकले नाही. १९२३ साली ते मोडीत निघाले.

जहाज विकत घेणे सोपे. ते चालू ठेवणे कठीण. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीचे राज्य होते आणि तिच्यामागे लॉर्ड इंचकेप यांचे बळ होते. देशी माणसाने जहाज चालवू पाहिले, की त्याचे काय होते हे तुतिकोरिनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांच्या उदाहरणाने सर्वांस ठाऊक झाले होते. त्यांनी १९०६ साली तुतिकोरिन ते कोलंबो अशी स्वदेशी आगबोट सुरू केली. ब्रिटिश कंपनीने भाडे उतरवत नेले आणि अखेरीस प्रवाशांना फुकट नेण्याचीही तयारी दाखविली. १९०८ मध्ये चिदंबरम तुरुंगात गेले आणि १९११ मध्ये त्यांची कंपनी बुडाली. फुकट प्रवास करणाऱ्यांना तेव्हा आनंदच झाला असेल. प्रतिस्पर्धी बुडाल्यावर भाडे कोण ठरविणार, हा विचार धक्क्यावर उभ्या असलेल्या गरिबाने कसा करावा?

भाडे उतरविणे हे शस्त्र उघड दिसणारे होते. दुसरे शस्त्र अदृश्य होते आणि म्हणून अधिक घातक. त्याची रीत अशी. एखादा व्यापारी ठरावीक काळ सारा माल बड्या कंपन्यांच्याच जहाजांतून पाठवील, तर त्याने भरलेल्या भाड्यातील काही हिस्सा त्याला परत मिळे. पण तो लगेच नव्हे, तर आणखी काही महिने त्याने तशीच निष्ठा पाळल्यावर. मधल्या काळात एक पोते जरी परक्या जहाजावर चढले, तरी साठलेली सारी सूट बुडे. म्हणजे व्यापाऱ्याचाच पैसा त्याच्याविरुद्ध ओलीस ठेवलेला! सिंदियाचे भाडे कमी असले, तरी तिच्याकडे जाण्याची व्यापाऱ्याची छाती होत नसे. देशी जहाज बुडविण्यास तोफ लागत नव्हती. एक हिशेबाची वही पुरत होती.

सिंदियाला विकत घेण्याचा प्रस्तावही आला. तो नाकारला गेला. परंतु तोटा वाढत होता आणि भागधारक अस्वस्थ होते. अखेर १९२३ साली इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने किनारी मालवाहतुकीपुरते राहावे, जहाजांची एकूण क्षमता ७५ हजार टनांपलीकडे नेऊ नये, अशा त्याच्या अटी होत्या. मोबदल्यात भाडेयुद्ध थांबले. ज्या कंपनीचे पहिले जहाज लंडनला गेले, तिने आता आपल्याच किनाऱ्यावर मापून दिलेल्या पाण्यात फिरावे! हा मानभंग नव्हता काय?

या प्रश्नापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. करार अपमानाचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि चिदंबरम पिळ्ळै यांची कंपनी पाच वर्षांत संपली आणि सिंदिया टिकली, हेही तितकेच खरे. खलाशी, इंजिनियर, कारकून, गोदीतले कामगार यांची एक पिढी त्या मापलेल्या पाण्यात तयार झाली. मानभंग पचवून काम चालू ठेवणे, हे हुतात्म्याइतके तेजस्वी दिसत नाही. पण संस्था बहुधा अशाच माणसांच्या खांद्यावर उभ्या राहतात. मात्र वालचंदांनी तडजोड केली म्हणून ते मुकाट बसले नाहीत. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी त्यांच्या गोटातून सतत होत राहिली. १९२८ साली साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात तसे विधेयकही मांडले. ते कायद्यात उतरले नाही; स्वातंत्र्यानंतर मात्र हेच धोरण देशाने स्वीकारले.

१९२९ साली नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद सिंदियाचे अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये कंपनीने ‘अल मदिना’ आणि ‘अल हिंद’ ही दोन जहाजे हज यात्रेकरूंसाठी आणली, तेव्हा पुन्हा भाड्याची चुरस लागली. कोकणच्या किनाऱ्यावर उतारूंची वाहतूक करणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही पुढे सिंदियाच्या गटात आली. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे तेव्हा आगबोटीच्या भोंग्यावर जागी होत. बोट खोल पाण्यात थांबे आणि पडावातून माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या तिच्यापर्यंत नेल्या जात. गोव्यातून व दक्षिण कोकणातून आलेल्या आपल्यापैकी कित्येक घरांतील आजोबा-पणजोबांनी मुंबई प्रथम पाहिली ती आगबोटीच्या डेकवरून.

उतारू म्हणजे पोती नव्हेत, याची भयंकर आठवण याच किनाऱ्याने ठेवली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते. वाहतुकीच्या धंद्यात नफा-तोट्याच्या खात्यांपलीकडे आणखी एक खाते असते आणि त्यात माणसांचा विश्वास जमा असतो. तिकीट काढणारा पैसा देतो, पण त्याबरोबर आपला जीवही हवाली करतो.

समुद्रावर पाय रोवल्यावर वालचंद जमिनीकडे आणि आकाशाकडेही वळले. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली त्यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. युद्धामुळे तो लवकरच सरकारच्या ताब्यात गेला. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली आणि तेथे बांधलेल्या ‘जलउषा’चे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी केले. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी आणि मालमोटारी तयार होऊ लागल्या. याच सुमारास, १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर ही पहिली एस. टी. धावली. गावोगावच्या खासगी सर्व्हिस मोटारींचे युग मावळून सार्वजनिक वाहतुकीचे युग उगवत होते आणि त्या युगाला देशात तयार झालेल्या गाड्या हव्याच होत्या.

१९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढल्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी, १९५२ साली, विशाखापट्टणमची गोदीही सरकारकडे गेली होती. सिंदियाच्या जहाजांचा काळ सरला. प्रीमियरच्या पद्मिनी टॅक्सीनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. चिंचवडच्या कारखान्याचा भोंगाही आता वाजत नाही.

मग उरले काय? कंपन्या माणसांसारख्याच मर्त्य असतात. परंतु बंगळूरला विमाने बनत आहेत, विशाखापट्टणमला जहाजे बांधली जात आहेत आणि बोरघाटातून गाड्या धावत आहेत. बीज पेरणाऱ्याचे नाव कणसावर लिहिलेले नसते. आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात आपल्यातील कित्येक जण गाड्यांचे सुटे भाग घडवितात, गाड्या जुळवितात, बस चालवितात. त्यांच्या हातून सुटलेला एक सैल बोल्ट कोणाच्या तरी घरचा दिवा विझवू शकतो आणि नीट आवळलेला बोल्ट शेकडो माणसांना सुखरूप घरी पोचवितो. सौदागर मोठा झाला तो जहाजांच्या संख्येने नव्हे. आपली वाट आपणच बांधू शकतो, ही खात्री त्याने या देशाला दिली म्हणून. उद्या सकाळी चौकात बस येईल, तेव्हा तीत चढण्यापूर्वी ती येथवर आणणाऱ्या हातांचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच वाचकांस विनंती.